थकलेल्या करापोटी लिलावात निघालेली जागा: बोली लावण्याआधी

मार्च जवळ आला की बेळगावच्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपातल्या जाहिराती वाढू लागतात. जप्तीची नोटीस, विक्रीचा जाहीरनामा, ई-लिलाव. मजकूर बहुतेक कानडीत, मधेमधे सर्व्हे नंबर, चारी बाजूंच्या चतुःसीमा आणि तळाला एक आकडा: किमान किंमत. तो आकडा बाजारभावापेक्षा कमी दिसला की घरात चर्चा सुरू होते. "सरकारच विकतंय, मग भीती कसली?"

त्यात भर मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंची. दुसऱ्याचा थकलेला कर भरा आणि घर पदरात पाडून घ्या, अशी ती शिकवण. अमेरिकेतल्या काही राज्यांत थकबाकीचा हक्कच गुंतवणूकदाराला विकण्याची पद्धत आहे, तिथून हे आले. आपल्याकडे असे काही नाही. शेजाऱ्याची घरपट्टी तुम्ही दहा वर्षे भरलीत तरी घर शेजाऱ्याचेच राहते. पावती पट्टी भरल्याची असते, मालकीची नसते.

लिलावापर्यंत गोष्ट जाते कशी

घरपट्टीपासून सुरू करू. बेळगाव महानगरपालिकेला कर्नाटक महानगरपालिका कायदा, १९७६ लागू आहे. आर्थिक वर्ष सुरू होताच एप्रिलमध्ये पट्टी भरली तर ५ टक्के सूट, आणि मुदत संपली की दर महिन्याला २ टक्के दंड. महिन्याला २ म्हणजे वर्षाला २४. पाच-सात वर्षे दुर्लक्ष केले की मूळ पट्टीपेक्षा दंडच मोठा होतो. मग मागणीची नोटीस, त्यानंतर जंगम मालाची जप्ती, आणि त्यानेही भागले नाही तर जागेवर टाच. प्रत्यक्षात घरपट्टीसाठी राहते घर विकण्यापर्यंत पालिका क्वचितच जाते. दुकानाला कुलूप ठोकले की बहुतेकांचे पैसे त्याच आठवड्यात निघतात. पालिका किंवा कॅन्टोन्मेंट आपले गाळे लिलावाने देते ते प्रकरण वेगळे. तिथे भाडेपट्टा मिळतो, मालकी नव्हे. दोन्ही जाहिराती सारख्याच दिसतात म्हणून सांगितले.

खरे मोठे लिलाव येतात ते आयकर, जीएसटी आणि महसूल खात्याच्या वसुलीतून. इथे एक सरकारी शब्द एकदाच समजून घ्यायचा: 'जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली'. कर्नाटक भू-महसूल कायदा, १९६४ ने महसूल अधिकाऱ्यांना शेतसारा वसूल करण्यासाठी जप्ती-विक्रीची ताकद दिली. मग इतर कायद्यांनी तीच ताकद उसनी घेतली. आपला जिल्हा उसाचा, म्हणून उसाचेच उदाहरण. कारखान्याने ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचे असते. नाही दिले तर १५ टक्के व्याज, आणि ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे शेतकऱ्याच्या बिलापोटी कारखान्याची साखर, यंत्रे, जमीन जप्त होऊ शकते. येणे शेतसाऱ्याचे नाही, पण वसुलीची वाट तीच.

सीमेच्या या बाजूला आणखी एक गोष्ट घडते. थकबाकीदार कोल्हापूर जिल्ह्यातला, जमीन निपाणी तालुक्यात, किंवा उलट. १८९० सालचा महसूल वसुली कायदा अजून चालू आहे. त्याप्रमाणे एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी दुसऱ्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याला वसुलीचा दाखला पाठवतो आणि तिथली मालमत्ता विकली जाते. म्हणून बेळगावच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या जाहीरनाम्यात महाराष्ट्रातले येणे दिसले तर ती चूक समजू नका.

विकले जाते ते काय?

जाहीरनाम्यात 'घर क्रमांक अमुक, क्षेत्र तमुक' असे लिहिलेले असते म्हणून आपल्याला वाटते की घर विकले जात आहे. कायद्याच्या नजरेत विकला जातो तो थकबाकीदाराचा त्या घरातला हक्क. विक्रीच्या दिवशी त्याच्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच. आयकराच्या वसुली नियमांत (१९६१ च्या कायद्याची दुसरी अनुसूची) हे सरळ लिहिले आहे: मालमत्तेचे नाव-गाव जाहीरनाम्यात असले तरी खरेदीदाराकडे जातो तो थकबाकीदाराचा हक्क आणि हितसंबंध, बस्स. त्याचा चार आणे हिस्सा असेल तर तुम्हाला चार आणे मिळतील. त्याचा काहीच नसेल तर काहीच नाही.

बेळगाव एपीएमसीत बटाट्याचा सौदा पाहिला असेल तर हे लगेच कळेल. व्यापारी पोत्याचे तोंड उघडतो, वरचे चार बटाटे हातात घेतो, भाव बोलतो, सौदा ठरतो. घरी नेऊन पोते ओतल्यावर तळाला सडके निघाले तर आडत्या म्हणतो, माल समोर होता. लिलावाच्या अटींमध्ये 'जसे आहे, जिथे आहे' हे शब्द येतात त्यांचा अर्थ एवढाच. तळापर्यंत हात घालायचा तो बोलीच्या आधी.

याला एक अपवाद आहे. त्याच जमिनीचा सारा थकला म्हणून सरकारने जमीन खालसा करून विकली तर बोजे गळून पडू शकतात, कारण शेतसारा हा जमिनीवरचा पहिला हक्क. पण साऱ्याची रक्कम आजकाल इतकी किरकोळ असते की त्यापायी जमीन घालवणारा विरळा. तुमच्यासमोर जो जाहीरनामा येईल तो दुसऱ्याच कुठल्यातरी येण्यापोटी असेल असे धरून चाला.

उतारा एकाचा, घरे वीस जणांची

बेळगावात या सगळ्याला एक खास वळण आहे, आणि बाहेरून येणारा खरेदीदार हमखास इथेच फसतो. शहराच्या कडेने गेली कित्येक वर्षे शेतजमिनीचे गुंठे पाडून बाँडवर विकले गेले. बिनशेती झालेली नाही, लेआउट मंजूर नाही, म्हणून सब-रजिस्ट्रारकडे खरेदीपत्र होत नाही. मग शेतकरी शंभर-दोनशेच्या मुद्रांकावर लिहून देतो, घेणारा पैसे देतो, घर बांधतो, वीज घेतो, मुलांची लग्ने त्याच दारात लावतो. उताऱ्यावर मात्र नाव मूळ शेतकऱ्याचेच.

आता त्या शेतकऱ्याकडून काही सरकारी येणे थकले असे समजा. कुठल्यातरी फर्ममध्ये तो भागीदार होता, कर थकला. वसुली अधिकारी आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) काढतो, अकराव्या रकान्यात टाच नोंदवतो आणि जाहीरनामा निघतो: सर्व्हे नंबर अमुक, क्षेत्र ३० गुंठे. कागदावर ते शेत आहे. जागेवर गेलात तर वीस घरे, एक गणेशमंडळाचा चौथरा आणि पत्र्याच्या शेडमधले किराणा दुकान.

यात बरोबर कोण? केवळ करारावर किंवा मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा कागदाने पाहिले तर बाँडवाल्याची बाजू लंगडी. पण वीस कुटुंबे वीस दावे घालतील, ताब्यासाठी तुम्हाला त्यांच्या दारात जावे लागेल, आणि निकाल लागेपर्यंत तुमचे पैसे अडकून पडतील. माझे मत विचाराल तर अशा जागेवर बोली लावणे हा धंदा म्हणूनही वाईट आणि माणूस म्हणूनही. त्या वीसजणांनी फसवणूक केलेली नाही. त्यांनी फक्त स्वस्तातले घर घेतले होते, जसे तुम्ही आत्ता घ्यायला निघालात.

आणखी कुणाचा हात आहे?

बहिणींचा, बऱ्याचदा. वडिलोपार्जित मिळकतीत उताऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचे नाव असते. कर्नाटकाने १९९४ मध्येच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये दिला. हक्कसोड नोंदवलेली नसेल तर भावाच्या थकबाकीत बहिणीचा हिस्सा विकला जात नाही, आणि ती वाटणीचा दावा आणू शकते.

बँकेचा. गहाणाची नोंद सरसाई या केंद्रीय नोंदवहीत असेल तर २४ जानेवारी २०२० पासून बँकेचे येणे करांच्याही आधी येते. ही नोंदवही फी भरून कुणालाही पाहता येते. करापोटी लिलाव झाला आणि मागून बँक उभी राहिली, तर भांडण तुमच्या खर्चाने चालते.

मंजुरीची जमीन हा सगळ्यांत कडक प्रकार. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला सरकारने दिलेली जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित झाली तर १९७८ च्या कर्नाटक कायद्याने ते हस्तांतर रद्दच. आणि हा नियम कोर्टाच्या किंवा अन्य अधिकाऱ्याच्या हुकुमाने झालेल्या विक्रीलाही लागू आहे. २०२३ च्या दुरुस्तीने जमीन परत मागायला मुदतीची आडकाठीही ठेवली नाही. 'सरकारनेच विकली' हे उत्तर इथे चालत नाही.

कॅम्प भागातला जुना बंगला लिलावात आला तर पागोळ्या आणि व्हरांडा पाहून भुलू नका. कॅन्टोन्मेंटमधल्या 'ओल्ड ग्रँट' बंगल्यांची जमीन भारत सरकारची असते, धारकाचे असते ते वरचे बांधकाम, आणि हस्तांतरालाही परवानगी लागते.

शेतजमीन असेल तर एक सोय मात्र झाली आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. चंदगड-गडहिंग्लजच्या बाजूला महाराष्ट्राचा नियम वेगळा आहे, तिथे शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. पाहुण्यांच्या सल्ल्याने इकडचे तिकडे करू नका.

महिनाभरात काय काय काढायचे

आयकराच्या नियमांप्रमाणे जाहीरनामा लागल्यापासून किमान ३० दिवस विक्री करता येत नाही. हे दिवस थकबाकीदारासाठी ठेवलेले असले तरी तुमच्याही कामाचे आहेत.

पहिले काम, जाहीरनामा पूर्ण वाचून घेणे. कानडी येत नसेल तर येणाऱ्याकडून शब्दन् शब्द ऐका, विशेषतः परिशिष्ट. चतुःसीमा कागदावर धरून जागेवर उभे राहा. पूर्वेला रस्ता लिहिला आहे आणि तिथे कुणाची तरी भिंत आहे, असे निघते.

शहराच्या जुन्या भागात सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड असते. मुंबई इलाख्याच्या काळापासूनची ती पद्धत इथे टिकली आहे आणि बरीच भरवशाची आहे. गावात ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तु या मिळकतनोंदीचा नमुना ९ आणि ११, शहरात ई-आस्थीचा खाता, म्हणजे पालिकेकडची मिळकतीची नोंद. तो 'अ' आहे की 'ब' हे पाहायचे. 'ब' म्हणजे बांधकामात किंवा लेआउटमध्ये कायद्याची खोट. शेतीला आरटीसी, आणि सोबत जुने फेरफार. मग दस्तनोंदणीच्या कावेरी पोर्टलवरून ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, जमेल तितक्या मागच्या वर्षांपासून. पण ईसीत दिसतात फक्त नोंदलेले दस्त. तोंडी वाटणी, घरात ठेवलेले मृत्युपत्र, बाँड, हातउसन्यापोटी दिलेला ताबा यातले काही तिथे येत नाही. ते शेजारी सांगतात. कोपऱ्यावरच्या दुकानात चहा घेत अर्धा तास बसलात तर ईसीपेक्षा जास्त कळते, हा माझा अनुभव.

कोर्टाच्या संकेतस्थळावर थकबाकीदाराच्या नावाने बेळगाव जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ, दोन्हीकडे शोधा. नाव कानडी उच्चारानेही टाकून पाहा. इंग्रजी स्पेलिंग बदलते.

वीजबिलाचेही विचारून घ्या. आधीच्या मालकाने थकवलेले बिल नव्या मालकाकडून मागण्याची तरतूद वीजपुरवठ्याच्या नियमांत असेल तर ती योग्यच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. बंद पडलेला कारखाना घेणाऱ्याला हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, आकडा किमतीइतकाच महत्त्वाचा असतो.

पैशाचे वेळापत्रक

समजा निपाणीतली एक जुनी तंबाखूची वखार. आयकराची थकबाकी १८ लाख. किमान किंमत ४२ लाख ठेवली आणि तुमची ४६ लाखांची बोली सर्वांत वरची ठरली.

त्याच वेळी २५ टक्के भरायचे: साडेअकरा लाख. उरलेले साडेचौतीस लाख पंधराव्या दिवसापर्यंत. घरकर्ज काढून भरू म्हणाल तर पंधरा दिवसांत बँकेचा वकील फाईल उघडत नाही. वेळेत भरले नाही तर आधीची रक्कम जप्त होऊ शकते आणि वखार पुन्हा विक्रीला निघते.

सगळे भरले तरी वखार अजून तुमची नाही. विक्रीपासून ३० दिवस थकबाकीदाराला संधी असते. त्याने जाहीरनाम्यातली थकबाकी व्याजासह भरली, शिवाय खरेदीच्या रकमेच्या ५ टक्के, म्हणजे २ लाख ३० हजार, तुमच्यासाठी जमा केले, तर विक्री रद्द. तुमचे ४६ लाख परत, वर हे २ लाख ३०. तोटा नाही, पण रंगारी बोलावून ठेवला असेल तर त्याचे पैसे तुमच्या अंगावर. याच ३० दिवसांत नोटीस नीट बजावली नाही, जाहीरनाम्यात घोळ होता, अशा कारणांनीही अर्ज होऊ शकतो. मात्र त्यामुळे खरोखर नुकसान झाले हे दाखवावे लागते.

काहीच आले नाही किंवा अर्ज फेटाळले गेले की विक्री कायम होते आणि विक्रीचा दाखला मिळतो. मालकीचा कागद तोच. उताऱ्यावर नाव चढवायला तो दाखवायचा, आणि नोंदवून घेणार असाल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी. ही फी कर्नाटकात ऑगस्ट २०२५ अखेर १ टक्क्यावरून २ टक्के झाली. हिशेब करताना ही रक्कम विसरणारे पुष्कळ.

बँकेच्या लिलावात हे वेळापत्रक थोडे वेगळे असते. तिथे कर्जदाराची परतीची वाट लिलावाची नोटीस प्रसिद्ध होताच बंद होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या निकालात म्हटले. विक्रीनंतरचे ३० दिवस करवसुलीचे, बँकेचे नव्हेत.

"१८ लाखांच्या येण्यापायी ४६ लाखांची वखार? हा अन्याय नाही का?"

थकबाकी आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे थकबाकीदाराला परत जातात. म्हणून बोली जितकी वर जाईल तितके त्याच्या हाती जास्त पडते. अन्याय होतो तो चार ओळखीचे बोलीदार आपसांत ठरवून किमान किमतीवरच थांबतात तेव्हा. ई-लिलाव आल्यापासून हॉलमध्ये डोळ्यांनी खुणा करणे कमी झाले, फोनवर ठरवणे मात्र कुणी थांबवलेले नाही.

"लिलावातले घर लाभत नाही म्हणतात"

म्हणतात खरे. मला यात दैवापेक्षा ताबा दिसतो. दाखला हातात आला तरी आत माणूस राहत असतो. थकबाकीदार स्वतः राहत असेल तर वसुली अधिकारी ताबा मिळवून देऊ शकतो. जुना भाडेकरू असेल तर तो तुमचा भाडेकरू होतो आणि त्याला काढायला वेगळी केस. रिकामे घर आणि भरलेले घर यांच्या किमतीत बाजारात जो फरक असतो, तोच तुम्हाला किमान किमतीत 'स्वस्त' म्हणून दिसतो.

नोटीस आपल्याच नावाची असेल तर

हा लेख वाचणाऱ्यांत काहीजण या बाजूचेही असतील. नोटीस मिळाल्यावर घाईने मेहुण्याच्या नावावर खरेदीपत्र करून देणे हा पहिला सुचणारा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. नोटिशीनंतर परवानगीशिवाय केलेले हस्तांतर वसुलीपुढे टिकत नाही. त्याऐवजी अधिकाऱ्याकडे लेखी मुदत मागा. जागा गहाण ठेवून, भाड्याने देऊन किंवा स्वतः विकून येणे फेडता येईल असे पटवले तर लिलाव पुढे ढकलण्याची सोय आयकराच्या नियमांत आहे, आणि स्वतः विकलेल्या जागेला लिलावापेक्षा बरा भाव येतो. अर्जासोबत घेणाऱ्याचे पत्र आणि इसाऱ्याची रक्कम दाखवता आली तर अर्जाला वजन येते. ते नाही जमले तरी शेवटची बोली पक्की होण्याच्या क्षणापर्यंत थकबाकी आणि खर्च पुढे केले तर विक्री थांबवावीच लागते. पैसे भरल्याची पावती तिथल्या तिथे घ्या, आणि उताऱ्यावरची टाच उठल्याची नोंद झाली की नाही हे महिन्याभराने स्वतः जाऊन पाहा. ती आपोआप उठत नाही.